सांगण्याआधी घडलेले

एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगणे, हा मनुष्याच्या नित्य व्यवहारातील एक मोठा भाग आहे. मुलगा आईचा निरोप शेजारी पोहोचवितो, बातमीदार सभेतील भाषण वृत्तपत्रात देतो, इतिहासकार एखाद्या पुरुषाच्या मनात काय होते ते लिहितो. अशा प्रत्येक प्रसंगी दोन काळ एकत्र येतात. गोष्ट घडली तो एक, आणि ती बोलली गेली किंवा मनात आली तो दुसरा. या दोहोंचा संबंध प्रत्येक भाषा आपापल्या रीतीने दाखविते. मराठीची रीत आणि इंग्रजीची रीत यांत येथे मोठाच भेद आहे. मराठी विद्यार्थी इंग्रजी लिहू लागला म्हणजे या भेदामुळेच वारंवार अडखळतो.

प्रथम मराठीची रीत पाहावी. ‘माझे पुस्तक हरवले आहे, असे सुमन म्हणाली.’ हे वाक्य सुमन बोलल्यानंतर घटकाभराने सांगितले काय किंवा दहा वर्षांनी सांगितले काय, ‘हरवले आहे’ या शब्दांत काही फरक पडत नाही. कोणी ‘आपले पुस्तक हरवले आहे, असे सुमन म्हणाली’ असे म्हणेल. तेथे सर्वनाम बदलले, पण काळ बदलला नाही. मराठीत सांगणारा जणू मूळ बोलणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि त्याच्या क्षणातून पाहतो.

इंग्रजीत सांगणारा आपले स्थान सोडीत नाही. तेथे हेच वाक्य ‘सुमन सेड दॅट शी हॅड लॉस्ट हर बुक’ असे होते. सांगणाऱ्याच्या दृष्टीने सुमनचे बोलणे मागे पडलेले असते, आणि पुस्तक हरवणे त्या बोलण्याच्याही मागे असते. भूतकाळाच्या मागचा हा जो काळ, तो दाखविण्यासाठी ‘हॅड’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप येते. यालाच पूर्ण भूतकाळ म्हणतात. या काळाचे ‘प्लूपरफेक्ट’ हे जुने नाव लॅटिनवरून आलेले असून त्याचा अर्थ ‘पूर्णाहूनही अधिक’ असा आहे. डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन याने १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा वाक्यांतील बदलाला ‘बॅकशिफ्टिंग’ म्हणजे काळाचे मागे सरकणे असे अन्वर्थक नाव दिले.

जे बोलण्याचे, तेच विचाराचे. थिंक, बिलीव्ह, नो, सपोज ही मनोव्यापाराची क्रियापदे भूतकाळी असली म्हणजे त्यांच्या गौण वाक्यालाही हाच नियम लागतो. याचे इतिहासप्रसिद्ध उदाहरण म्हणजे कोलंबस. आशियाच्या शोधात पश्चिमेकडे निघालेला हा दर्यावर्दी १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामा द्वीपसमूहातील एका बेटावर उतरला. ‘मी इंडीजला पोहोचलो आहे’, असे त्याला वाटले. हा विचार इंग्रजीत ‘कोलंबस थॉट दॅट ही हॅड रीच्ड दि इंडीज’ असा सांगतात. पोहोचणे आधी, वाटणे नंतर. ‘हॅड’ या एका शब्दाने हा क्रम स्पष्ट झाला. परंतु तो खरोखर इंडीजला पोहोचला, असे मात्र या वाक्याने ठरत नाही. ‘हॅड’ क्रमाची साक्ष देतो, सत्याची नव्हे. ‘थॉट’ या शब्दाने सत्याचा भार कोलंबसावरच ठेवला आहे. त्याच्या जागी ‘न्यू’, म्हणजे ‘त्याला माहीत होते’, हा शब्द घातला तर ‘हॅड रीच्ड’ तसेच राहील. परंतु आता सांगणाराही त्या गोष्टीला जामीन झाला, आणि वाक्य इतिहासाच्या दृष्टीने खोटे ठरले. म्हणून क्रमासाठी ‘हॅड’कडे आणि जबाबदारीसाठी प्रधान वाक्यातील क्रियापदाकडे, असे दोहोंकडे लक्ष द्यावे लागते.

क्रम चुकला तर अर्थ किती पालटतो, हे पुढील दोन वाक्यांवरून कळून येईल. ‘शी रोट दॅट शी वॉज इल’ आणि ‘शी रोट दॅट शी हॅड बीन इल’. पहिल्या वाक्याप्रमाणे पत्र लिहिताना ती आजारी होती. असे कळताच घरच्या माणसांनी औषधपाण्याची तजवीज करावयास हवी. दुसऱ्या वाक्याप्रमाणे सामान्यतः दुखणे पत्रापूर्वीच येऊन गेले होते. तेव्हा प्रकृतीची विचारपूस केली म्हणजे पुरे. मराठीत ‘मी आजारी आहे’ आणि ‘मी आजारी होते’ यांत जो भेद, तोच येथे ‘वॉज’ आणि ‘हॅड बीन’ यांत आहे.

मराठी विद्यार्थ्याच्या हातून येथे दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली अशी की, ‘हरवले आहे’ या शब्दांना धरून तो ‘सुमन सेड दॅट शी हॅज लॉस्ट हर बुक’ असे लिहितो. सुमन नुकतीच बोलली असेल आणि पुस्तक अजून सापडले नसेल, तर ही रचना क्वचित खपून जाते. जुनी हकीकत सांगताना मात्र ती चालत नाही. दुसरी चूक नेमकी उलट आहे. ‘मी काल पुण्यास गेलो होतो’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. जाऊन परत आलो, हा भाव त्यातील ‘होतो’ने व्यक्त होतो. पण त्या ‘होतो’साठी ‘हॅड’ घालून ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ असे एकटेच वाक्य लिहिणे बरोबर नाही. मागे टाकावयास दुसरी भूतकालीन घटना तेथे नाही, म्हणून ‘आय वेन्ट’ एवढेच पुरते. मराठीतील ‘होतो’ आणि इंग्रजीतील ‘हॅड’ दिसावयास सारखे असले, तरी त्यांची कामे निराळी आहेत.

या नियमालाही मर्यादा आहेत. प्रधान क्रियापद वर्तमानकाळी असेल, तर काळ मागे सरकत नाही. ‘सुमन सेज दॅट शी हॅज लॉस्ट हर बुक’ हे शुद्ध आहे. साल दिलेले असून क्रमाविषयी शंका उरत नसेल, तर साधा भूतकाळही चालतो. ‘द टीचर सेड दॅट कोलंबस सेल्ड इन १४९२’ असे लिहिण्यास हरकत नाही. मूळ बोलण्यातच पूर्ण भूतकाळ असेल, तर तो तसाच राहतो, कारण त्यामागे सरकण्यास इंग्रजीत आणखी काळ नाही. याच कारणाने इंग्रजीला थोडी हानीही सोसावी लागते. सुमन ‘हरवले’ म्हणाली की ‘हरवले आहे’ म्हणाली, हे ‘हॅड लॉस्ट’वरून सांगता येत नाही. मराठी तो भेद राखते.

या सूक्ष्म भेदांचे मोल जबाबदारीच्या लेखनात विशेष कळते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक ही आगबोट अटलांटिक महासागरात हिमनगावर आदळली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बुडाली. सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली. तरीही १५ एप्रिल रोजी अमेरिकेतील काही वृत्तपत्रांनी सर्व प्रवासी वाचल्याची बातमी छापली. हा प्रकार आज सांगणारा इंग्रज लेखक ‘सम पेपर्स रिपोर्टेड दॅट ऑल द पॅसेंजर्स हॅड बीन सेव्हड’ असे लिहील. ‘हॅड’मुळे सुटकेची कथित घटना बातमीच्या आधी जाते, आणि ‘रिपोर्टेड’मुळे ती बातमी वृत्तपत्रांचीच राहते. लेखकाने कोणताही काळ योग्य ठेवला, पण ‘सम पेपर्स रिपोर्टेड दॅट’ एवढे शब्द गाळले, तर दुसऱ्याची चूक त्याच्या स्वतःच्या नावावर चढेल.

तेव्हा इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे किंवा विचार सांगावयास बसणाऱ्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी: हे कोण म्हणाले, केव्हा म्हणाले, आणि सांगितलेली गोष्ट त्या म्हणण्याच्या आधीची की त्याच वेळची? ही उत्तरे मिळाली म्हणजे ‘हॅड’ कोठे घालावा आणि कोठे घालू नये, हे पाठांतरावाचूनही समजू लागते. शिवाय ऐकलेली गोष्ट ज्याची त्याच्या नावे आणि ज्या वेळची त्या वेळी ठेवण्याची सवय लागते. ती मराठी लिहितानाही तितकीच उपयोगी पडते.