पन्नाशीनंतरच्या बैठका

पन्नाशी उलटलेला गृहस्थ खांद्यांवर बारबेल घेऊन बैठका काढूं लागला आणि त्याचे गुडघे दुखूं लागले, म्हणजे घरांतील सर्वांचा सल्ला एकच असतो: "आतां हें पुरे करा!" सल्ला प्रेमाचा खरा, पण तो नेहमींच शहाणपणाचा असतो असें नाहीं.

खोल बैठकांनीं गुडघ्याचे बंध सैल पडतात, असें मत टेक्सास विद्यापीठांतील कार्ल क्लाइन यांनीं १९६१ सालीं मांडलें. पुढील संशोधनानें त्यास दुजोरा दिला नाहीं. मग दुखतें तें काय? बहुधा गुडघ्याच्या वाटीमागील भाग, किंवा वाटीखालची कंडरा. भार घेऊन गुडघा वांकूं लागला कीं वाटीमागील दाब वाढत जातो. शिवाय स्नायू कांहीं आठवड्यांत बळावतात, कंडरांना मात्र महिने लागतात. मांडी तयार होते, गुडघा मागें राहतो; आणि आपण मांडीच्या भरंवशावर वजन वाढवितों!

म्हणून, श्रोतेहो, कसोटी दुसऱ्या दिवशीं सकाळीं जिना उतरतांना घ्यावी. किंचित् दुखणें रात्रींत शमलें तर चिंता नको. वाढलें असेल तर वजन उतरवावें, दुखणार नाहीं इतकेंच खालीं जावें, तेंहि सावकाश. बैठका अजिबात सोडल्या तर मांडी क्षीण होते व गुडघ्याचा आधारच जातो. मात्र सूज आली, गुडघा अडकूं लागला किंवा दगा देऊं लागला, तर डॉक्टरांस दाखवावें.

ज्यास म्हातारपणींहि हात न टेकतां पाटावरून उठावयाचें आहे, त्यानें दांडीवरील दोन चकत्या काढण्यांत कमीपणा मानूं नये.