मुळावरची वर्षे
दातांच्या अभ्यासात मला एनॅमलपेक्षा मुळावरच्या सिमेंटमचे कुतूहल अधिक वाटत आले. हिरडीखाली दडलेल्या या पातळ थरात, मूळ आणि जबड्याचे हाड यांना जोडणाऱ्या तंतूंची टोके रुतलेली असतात. म्हणून दात जागेवर राहतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. हाड सतत झिजून नव्याने घडते. सिमेंटम मात्र सहसा झिजत नाही, जुन्यावर नवा थर जन्मभर चढतो. मुळाचा आडवा, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फिकट-गडद रेषा दिसतात. साधारण वर्षाला एक जोडी. जोड्या मोजायच्या, त्यात तो दात उगवण्याचे सरासरी वय मिळवायचे, की जुन्या दफनातल्या माणसाच्या वयाचा अंदाज येतो. ज्यांचा जन्म कोणी कुठेच नोंदवला नाही, त्यांचीही वर्षे अशी मोजता येतात, हे मला मोलाचे वाटते.