ओट्स-किनोआ नकोच: बारामती-इंदापुरात 'होल फूड' डाएट किती रुपयांत बसतं?

ओट्स, किनोआ, चिया सीड्स, ऑलिव्ह ऑइल. मोबाईलवर 'होल फूड डाएट' शोधलं की हीच यादी समोर येते. ती घेऊन बारामतीतल्या एखाद्या सुपरमार्केटमध्ये गेलं, तर महिन्याचं बजेट पहिल्याच आठवड्यात कोलमडेल. मग 'चांगलं खाणं आपल्याला परवडत नाही' असं म्हणून घरात पुन्हा बिस्कीट आणि फरसाणचे पुडे येतात.

पण होल फूड खरंच एवढं महाग आहे का?

होल फूड म्हणजे काय?

धान्य, कडधान्य, भाजी, फळ, दूध, अंडी, मासे हे शक्य तितक्या मूळ रूपात खाणं म्हणजे होल फूड. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या 'नोव्हा' वर्गीकरणात अन्नाचे ४ गट आहेत. पहिल्या गटात कमीत कमी प्रक्रिया केलेले पदार्थ येतात, तर चौथ्या गटात कारखान्यात बनलेले, रंग-स्वाद मिसळलेले अतिप्रक्रियायुक्त पदार्थ.

या हिशोबाने बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, हुलग्याचं माडगं, मेथीची भाजी आणि ताक हे सगळं होल फूडच आहे.

पैसे जातात कुठे?

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात महिन्याच्या खर्चापैकी सुमारे ४७ टक्के रक्कम खाण्यावर जाते. त्यात धान्याचा वाटा सुमारे ५ टक्के आहे, तर पेयं, बाहेरचं खाणं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा जवळपास १० टक्के. मोफत मिळणाऱ्या धान्याची किंमत यात धरलेली नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे, घरखर्चात धान्यापेक्षा पुड्यांना आणि बाहेरच्या खाण्याला जास्त पैसे जातात.

चौघांच्या घराला किती लागतं?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (हैदराबाद) २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार २००० कॅलरीच्या आहारात दिवसाला अंदाजे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम कडधान्य-डाळी (किंवा त्याऐवजी काही प्रमाणात अंडी-मांस), ३०० मिली दूध आणि २७ ग्रॅम तेल-तूप पुरेसं आहे. शिवाय ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं.

चार माणसांचा महिन्याचा हिशोब केला तर धान्य ३० किलो, डाळी-कडधान्य साधारण १० किलो आणि तेल सव्वातीन किलो.

प्राधान्य गटातल्या रेशनकार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे चौघांचं २० किलो धान्य तिथेच भागतं. प्रश्न उरतो तो १० किलोचा.

ज्वारी की बाजरी?

दुकानातले भाव रोज बदलतात, म्हणून तुलनेसाठी २०२५-२६ च्या विपणन हंगामाचे हमीभाव पाहू. क्विंटलला गहू २,४२५ रुपये, बाजरी २,७७५ रुपये आणि मालदांडी ज्वारी ३,७४९ रुपये. गरिबाचं धान्य समजली जाणारी ज्वारी आज गव्हापेक्षा महाग आहे. उरलेलं १० किलो धान्य बाजरीचं घेतलं तर हमीभावाने २७८ रुपये होतात, ज्वारीचं घेतलं तर ३७५. दुकानात दोन्ही यापेक्षा जास्तच पडतील.

बाजरीत लोहही ज्वारीपेक्षा जास्त असतं. फक्त तिचं पीठ लवकर कडू होतं, त्यामुळे आठवड्यापुरतंच दळून आणावं. आणि पीठ चाळून कोंडा फेकला, तर 'होल' धान्यातलं होलपण तिथेच जातं.

स्वस्त प्रोटीन कोणतं?

हमीभाव पाहिला तर हरभरा किलोला ५६.५० रुपये, तूर ८० आणि मूग ८७.६८. यातल्या प्रथिनांचा हिशोब लावला तर १० ग्रॅम प्रोटीन हरभऱ्यातून सुमारे ३ रुपयांना मिळतं, तूर किंवा मुगातून सुमारे ४ रुपयांना. म्हणून रोज तुरीचं वरण करण्याऐवजी आठवड्यातले २-३ दिवस हरभरा, मटकी किंवा हुलगा केला तर खर्च उतरतो.

मासे खाणाऱ्यांसाठी उजनीचं पाणी जवळ आहे. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणच्या मासळी बाजारात चिलापी, रोहू, कटला येतात. यात चिलापी सहसा स्वस्त असते.

पैसे कुठे वाचतात?

सुटं धान्य: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर तो नाही.

तेल: महिन्याला ५ किलो तेल लागणाऱ्या घराने सव्वातीन किलोत भागवलं तर खर्च एक तृतीयांशाने कमी होतो. महागडं लाकडी घाण्याचं तेल जास्त वापरण्यापेक्षा कोणतंही तेल कमी वापरणं महत्त्वाचं.

गूळ: कारखान्यांच्या या पट्ट्यात 'साखर सोडली, गूळ धरला' हे सर्रास ऐकू येतं. पण गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. दुप्पट गूळ घातलेला चहा हेल्दी होत नाही.

हंगाम: तूर, हरभरा आणि रब्बी ज्वारी जानेवारी ते मार्चदरम्यान बाजारात येते, बाजरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. वर्षाचं धान्य तेव्हाच भरलेलं बरं.

मग अडचण कुठे आहे?

वर्षाचं धान्य भरायला एकदम पैसे हातात लागतात. रोजंदारीवर जाणाऱ्या घराकडे ते नसतात. तिथे पावशेर डाळ आणि १० रुपयांचा पुडा असाच किराणा होतो, आणि थोडं थोडं घेतलेलं नेहमी महाग पडतं. शिवाय भाकरी थापायला, कडधान्य भिजवून मोड आणायला वेळ लागतो. उसाच्या फडात दिवस काढून आलेल्या बाईला तो कुठून मिळणार?

पैशांच्या अडचणीवर एक उपाय गावातच आहे. बचत गटातल्या ४-५ घरांनी हंगामात मिळून हरभऱ्याचं किंवा बाजरीचं एक पोतं घेतलं, तर प्रत्येकीला ठोक भाव मिळतो आणि एकदम मोठी रक्कमही काढावी लागत नाही. वेळेची अडचण मात्र पैशाने सुटत नाही. कडधान्य निवडणं, भिजवणं, भाकऱ्या थापणं ही कामं घरातल्या इतरांनीही वाटून घेतली, तरच हे डाएट दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकतं.