सुई, कुत्रा आणि प्रतिकारशक्ती

आमच्या चौदा वर्षांच्या कुत्रीचे मागचे पाय आखडू लागले, तेव्हा एका परिचितांनी अॅक्युपंक्चर सुचवले. ‘दुखणे कमी होईलच, शिवाय प्रतिकारशक्ती वाढेल. मग लसही नको,’ असे ते म्हणाले. मी पशुवैद्य नाही. पण त्यातला ‘वाढेल’ हा शब्द खटकला आणि वर्षभर मी त्याचाच माग काढत राहिलो.

प्रतिकारशक्ती हे रांजणातले पाणी नव्हे, की जितके जास्त तितके बरे. कुत्र्यांच्या एका रक्तक्षयात शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी नष्ट करते. तिथे उपचार म्हणून प्रतिकारशक्ती दाबावी लागते.

मग सुई काय करते? 2021 साली हार्वर्डच्या छियूफू मा यांच्या गटाने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मागच्या पायात, गुडघ्याखाली सुई टोचून सौम्य वीजप्रवाह दिला, की संदेश मेंदूकडे जातो, व्हेगस मज्जातंतूतून अॅड्रिनल ग्रंथीपर्यंत उतरतो आणि तिथून स्रवणाऱ्या रसायनांमुळे जिवाणूंच्या विषाने उसळलेला दाह शमतो. तेवढाच प्रवाह पोटावर दिला, तर हा परिणाम दिसला नाही. याच गटाने 2020 साली दाखवले होते, की पोटावर तीव्र प्रवाह विष देण्यापूर्वी दिला तर दाह घटतो, नंतर दिला तर उलट भडकतो. म्हणजे जागा, जोर आणि वेळ, तिन्हींना महत्त्व आहे. आणि पायातल्या सुईने जे घडले ते शमवणे होते, वाढवणे नव्हे.

पण उंदीर म्हणजे कुत्रा नव्हे. चीनमधला 1608 सालचा प्रसिद्ध पशुवैद्यक ग्रंथ मुख्यतः घोड्यांचा आहे. कुत्र्यांसाठी आज वापरले जाणारे बरेच बिंदू माणसाच्या नकाशावरून बेतलेले आहेत. शिवाय दवाखान्यात घाबरलेल्या कुत्र्याच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढते आणि त्याच्या परिणामाने न्यूट्रोफिल वाढून लिम्फोसाइट घटू शकतात. त्यामुळे सुईनंतर पेशींची संख्या बदलली, एवढ्यावरून श्रेय सुईला देता येत नाही. पाळीव प्राण्यांवरील प्रयोगांचा 2006 साली आढावा घेणाऱ्या संशोधकांना कोणत्याही आजारासाठी हा उपचार सुचवण्याइतका किंवा नाकारण्याइतका सबळ पुरावा मिळाला नाही.

लस मात्र वेगळेच काम करते. ती शरीराला एका विशिष्ट विषाणूची ओळख पटवून देते. सुई ही ओळख शिकवू शकत नाही. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की जवळजवळ नेहमीच मृत्यू ओढवतो.

आम्ही पायांसाठी सुया टोचून घेतल्या. रेबीजची लसही, ठरल्या तारखेला.