चर्चसारखं दिसतं, पण चर्च नव्हे : जुन्नरच्या लेण्यांविषयीचे सात गैरसमज

पुणे–नाशिक महामार्गावर आंबेगाव तालुक्यातलं मंचर मागे पडतं, नारायणगावला बस जुन्नरच्या रस्त्याला लागते आणि पुढे कुकडी ओलांडली की लेण्याद्रीचा डोंगर समोर येतो. सुमारे तीनशे पायऱ्या चढून मंडळी गिरिजात्मजाचं दर्शन घेतात. बहुतेक जण तिथूनच माघारी फिरतात. ज्यांच्यासोबत चांगला गाईड असतो, ते शेजारच्या सहा क्रमांकाच्या लेण्यात शिरतात आणि दारातच थबकतात. दोन्ही हातांना खांबांच्या रांगा, वर कमानदार छत, मधे लांबच लांब दालन आणि शेवटी अर्धगोल भिंत. वसईची किंवा गोव्याची जुनी चर्च पाहिलेला कुणीतरी हमखास म्हणतो, "अरे, हे तर चर्चच आहे!" दुसरा म्हणतो, "पांडवांनी खोदलंय, एका रात्रीत."

तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या चार डोंगरांत मिळून जुन्नरभोवती दीडशेहून अधिक लेणी आहेत. एकाच गावाभोवती इतकी लेणी देशात क्वचितच सापडतील. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. तेव्हापासून एका दिवसाच्या सहली वाढल्या आणि त्यांच्यासोबत ऐकीव गोष्टीही पसरल्या. त्यातल्या सात गोष्टी इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : चैत्यगृह चर्च पाहून कोरलं आहे, किंवा मुळात ते चर्चच होतं.

वस्तुस्थिती : वर्षं मोजली की हा प्रश्न तिथेच मिटतो. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला उघड मोकळीक मिळाली ती इसवी सन ३१३ मध्ये. मोठी, खांबांच्या रांगांची ख्रिस्ती उपासनागृहं उभी राहिली ती त्यानंतर. लेण्याद्रीचं सहा क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्यगृह, स्तूपाच्या पूजेचं बौद्ध दालन. ते त्याआधीचं आहे आणि भाज्याचं तर इसवी सनाच्याही आधीचं.

मग दोन्ही सारखी का दिसतात? चर्चबांधणाऱ्यांनी नमुना घेतला तो रोमन शहरातल्या ‘बॅसिलिका’चा, म्हणजे न्यायनिवाडा आणि व्यापार चालायचा त्या सार्वजनिक दालनाचा. आपल्याकडच्या शिल्पींच्या डोळ्यांसमोर होती लाकडी वाशांची, गोल पाठीची सभागृहं. याचा पुरावा छतातच आहे. लेण्याद्रीच्या सहा क्रमांकाच्या लेण्यात मान वर करून पाहावं. कमानीला एकापुढे एक दगडी फासळ्या दिसतात. दगडात खोदलेल्या छताला फासळ्यांच्या आधाराची काहीच गरज नसते. लाकडी घरात जो वासा भार पेलायचा, तोच इथे सवयीने दगडात कोरला गेला. कार्ल्याला तर खऱ्या लाकडी फासळ्या आजही छताला आहेत.

वापरही वेगळा. चर्चमध्ये माणसं वेदीकडे तोंड करून बसतात. चैत्यगृहात भाविक स्तूपाभोवती फिरतो. म्हणून तर खांबांची रांग स्तूपाच्या मागून वळसा घेते आणि भिंत व खांब यांच्यामध्ये प्रदक्षिणेची वाट राहते. ज्यांना हे चालून पाहायचं असेल त्यांनी गावाच्या पश्चिमेच्या तुळजा लेण्यात जावं. तिथलं चैत्यगृह चक्क वर्तुळाकार आहे. मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमट. रोममध्ये सांता कोस्तांझा नावाची अशीच गोल वास्तू आहे, तिच्यात खांबांच्या बारा जोड्या आहेत. ती चौथ्या शतकातली. तुळजा लेणं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचं मानतात. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, पण वयाने थोरली कोण, हे स्पष्ट आहे.

गैरसमज २ : शिलालेखांत ‘यवन’ आहे, म्हणजे ते ख्रिस्ती किंवा मुसलमान असणार.

वस्तुस्थिती : शिवकाळावरच्या बखरी वाचलेल्या मराठी माणसाला ‘यवन’ म्हटलं की मुसलमान आठवतो. सातवाहनांच्या काळी हा शब्द ग्रीक आणि एकूणच पश्चिमेकडून आलेल्या लोकांसाठी होता. ‘आयोनिया’ या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून तो आला. इस्लामचा उदय तेव्हा व्हायचा होता.

जुन्नरला अशा तीन यवनांचे लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली. चिट नावाच्या यवनाने शिवनेरीवर संघासाठी भोजनमंडप करून दिला. चंद नावाच्या यवनाने मानमोडीच्या भूतलिंग गटात चैत्यगृहाचा दर्शनी भाग दिला. तिघांचीही दानं बौद्ध संघाला आहेत, लेख ब्राह्मी लिपीत आणि भाषा इथली प्राकृत. पश्चिमेकडून आलेला माणूस इथल्या भिक्षूंच्या जेवणाची सोय करतो आणि इथल्या भाषेत तसं लिहवून ठेवतो, हे चित्र कुठल्याही दंतकथेहून जास्त मोलाचं आहे.

गैरसमज ३ : या भागात ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांनीच पहिल्यांदा आणला.

वस्तुस्थिती : जुन्नरच्या लेण्यांत प्राचीन ख्रिस्ती खूण नाही. ती शोधायची तर नाणेघाट उतरून कल्याणला जावं लागतं. जुन्नरचा माल याच घाटाने कोकणात उतरायचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘कॅलिएना’ बंदराचा उल्लेख आहे. सहाव्या शतकाच्या मध्यावर कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो, की ‘कॅलिआना’ इथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो. हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. म्हणजे त्याच्या साडेनऊशे वर्षं आधी कोकणच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती वस्ती होती.

पुढे १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. ते उतरले होते स्थानिक ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी, आणि ही माणसं पौर्वात्य सिरियन परंपरेची होती. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी ठाण्यात नव्हता म्हणून वाचला. पोर्तुगीज यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं होती.

येशूचा शिष्य बार्थोलोम्यू कल्याणला आला होता, असंही सहलीत सांगितलं जातं. चौथ्या शतकातल्या युसेबियसच्या ग्रंथात तो ‘इंडिया’त गेल्याची परंपरा नोंदली आहे, पण त्या काळी ‘इंडिया’ हा शब्द फार सैल वापरला जाई. तेव्हा ही श्रद्धा म्हणून सांगावी, सिद्ध झालेला इतिहास म्हणून सांगू नये.

लेण्याचं चर्च कधी झालंच नाही, असंही नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज काळात ख्रिस्ती उपासना होत असे. ते लेणं मात्र मुळात शैव आहे.

गैरसमज ४ : एवढी लेणी राजांशिवाय कोण खोदणार?

वस्तुस्थिती : जुन्नरच्या लेखांत राजांपेक्षा साधी माणसं जास्त भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवून त्यांच्या व्याजावर भिक्षूंची सोय केली जाई. लेण्याद्रीचं सहा क्रमांकाचं चैत्यगृह हे कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान आहे. ‘हेरणिक’ हा शब्द ‘हिरण्य’ म्हणजे सोन्यावरून आला, म्हणजे बाप सोनार असेल किंवा खजिनदार. ज्या कल्याणात पुढे बिशप होता, त्याच कल्याणच्या माणसाने त्याआधी काही शतकं घाटावर चैत्यगृह करून दिलं होतं.

राजसत्तेचा हातही अधूनमधून दिसतो. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ या वर्षी मानमोडीवर टाकं आणि मंडप दिला. हे वर्ष म्हणजे इसवी सन १२४ च्या सुमाराचं, असं बरेच अभ्यासक मानतात. आणि नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा जो मोठा लेख आहे, तो वैदिक यज्ञांचा आणि त्यांच्या दक्षिणेचा. त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी आहेत. राजघराणं यज्ञ करतंय आणि त्याच मुलखातले व्यापारी बौद्ध विहारांना दान देताहेत, असा तो काळ होता.

गैरसमज ५ : पांडवांनी एका रात्रीत खोदली.

वस्तुस्थिती : ही कथा महाराष्ट्रातल्या बहुतेक लेण्यांना चिकटली आहे. दात्यांची लिपी वाचता येईनाशी झाली, तेव्हा लोकांनी एवढ्या अचाट कामासाठी तेवढेच अचाट कर्ते शोधले. जुन्नरचं काम साधारण साडेतीनशे वर्षं चाललं, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत. भूतलिंगचं चैत्यगृह पाहिलं की हे पटतं. बाहेर चंदाने दिलेली देखणी कमान, कमळाच्या पाकळ्यांत कोरलेली लक्ष्मी आणि तिच्यावर पाणी घालणारे हत्ती. आत पाऊल टाकलं की काम अर्धवट सोडलेलं. छिन्नीचे घाव तसेच उघडे. कारागिरांना पगार, वेळ आणि धड खडक, तिन्ही लागत.

गैरसमज ६ : बुद्धाची मूर्ती नाही, लक्ष्मी आहे, गणपती आहे. मग ही बौद्ध लेणी कशी?

वस्तुस्थिती : जुन्नरची लेणी कोरली गेली तेव्हा इथे पूजा स्तूपाची होत असे, म्हणून मूर्ती नाही. गजलक्ष्मी तर सांची आणि भारहुतच्या बौद्ध शिल्पांतही आहे. समृद्धीची ही देवता त्या काळी सगळ्यांचीच होती.

लेण्याद्रीचं गणेशमंदिर म्हणजे सात क्रमांकाचं लेणं, मुळातला विहार. मधे एकाही खांबाचा आधार नसलेलं प्रशस्त दालन आणि त्याच्या तीन बाजूंना भिक्षूंच्या वीस खोल्या. डाव्या-उजव्या भिंतींत सात-सात, मागच्या भिंतीत सहा. त्यातल्या मधल्या खोल्यांच्या जागी आज गिरिजात्मज आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात असलेला हा एकमेव गणपती. विहार आधीचा आणि पूजा नंतरची, दोन्ही खरं आहे. दर्शनाला आलेल्या आजीने आपल्या नातवाला खोल्यांमधले दगडी ओटे दाखवून "इथे भिक्षू झोपायचे" असं सांगितलं, तर तिच्या श्रद्धेला कुठेच बाध येत नाही.

गैरसमज ७ : शिवनेरी पाहिली की जुन्नर पाहून झालं.

वस्तुस्थिती : शिवजन्मस्थानाकडे जाणारी पाऊलवाट लेण्यांच्या शेजारूनच जाते. शिवाई देवीच्या मंदिरामागच्या कड्यातही लेणी आहेत. किल्ल्याच्या पोटात पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा तिन्ही अंगांना ती पसरली आहेत आणि एका चैत्यगृहाच्या छतावर जुन्या रंगांचे अवशेष अजून तग धरून आहेत. शहाजीराजांच्या आधी सोळाशे वर्षं हा डोंगर वसता होता.

एका दिवसात सगळं पाहून होत नाही, तसा हट्टही धरू नये. सकाळी ऊन चढायच्या आत लेण्याद्रीची सहा आणि सात क्रमांकांची लेणी, मग तुळजा आणि दुपारनंतर शिवनेरी, एवढं निवांत होतं. मानमोडीची वाट घसाऱ्याची आहे, तिथे गावातला माहीतगार माणूस सोबत हवा. नाणेघाटाला वेगळा दिवस द्यावा. लेण्यांच्या कमानींखाली आग्या मोहोळांची पोळी असतात, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. पाणी घरूनच न्यावं.

आणखी एक कळकळीची विनंती. फोटोत अक्षरं उठून दिसावीत म्हणून काही जण ब्राह्मी लेखांत खडू भरतात, कुणी ओल्या फडक्याने दगड घासतात. दोन हजार वर्षं टिकलेल्या अक्षरांच्या कडा अशाने झिजतात. ही संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या कायद्यानुसार त्यांची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा टाकला की अक्षरं आपोआप उठतात, खडू लागत नाही. पुढच्या खेपेला गिरिजात्मजाचं दर्शन झालं की लगेच पायऱ्या उतरू नका. शेजारच्या लेण्यात जा, गाईडला सुलसदत्ताचं नाव विचारा आणि मुलांकडून त्यातलं निदान एक अक्षर ओळखून घ्या.