फळ्यावरचं गणित पुसू नका

बनारस हिंदू विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर यांनी आपल्या दोन मुलांसाठी, जयंत आणि अनंत यांच्यासाठी, घराच्या भिंतीवर दोन फळे करून दिले होते. हवं ते लिहा, हवं ते गिरगटा. त्या फळ्यांचा खरा उपयोग मात्र मोरूमामाला सुचला. मोरेश्वर हुजूरबाजार एम.एस्सी. करायला बहिणीकडे राहायला आला आणि भाच्याच्या फळ्यावर अधूनमधून एखादं गणिती कोडं लिहून ठेवू लागला. वर मथळा असायचा, 'जेव्हीएन'ला, म्हणजे जयंत विष्णु नारळीकरला, आव्हान, अशा अर्थाचा. कोडं शाळेच्या पुस्तकातलं नसायचं. भाच्यानं ते सोडवेपर्यंत किंवा हात टेकेपर्यंत ते पुसलं जायचं नाही.

पुढे हा भाचा केंब्रिजला गेला आणि रँग्लर झाला. बाकीचं सर्वांना ठाऊक आहे. पण मोरूमामाच्या त्या व्यवस्थेकडे जरा नीट पाहायला हवं. मामा शेजारी मांडी घालून शिकवत नव्हता. शिकवणी नव्हती, वेळ लावलेली नव्हती, गुण तर नव्हतेच. कोडं भिंतीवर होतं, बस्स. अंघोळीला जाताना दिसायचं, जेवून उठताना दिसायचं. डोक्यात एखादी गोष्ट घोळत राहण्यासाठी लागतो तेवढा वेळ त्या घरात मिळत होता. आजच्या घरांत नेमका तोच मिळत नाही. मुलानं 'असं का?' विचारलं की आपण लगेच मोबाइल काढतो, उत्तर वाचून दाखवतो आणि विषय संपतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो : वडील गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी, त्या घरात काय अशक्य? आक्षेप अर्धाच खरा आहे. उत्तर देण्यासाठी विद्वत्ता लागते, प्रश्न टांगून ठेवायला लागत नाही. तव्यावरची पोळी का फुगते, हे विचारायला आईला पदवीची गरज नाही.

जयंत नारळीकरांनी ही रीत पुढे स्वतःही चालवली. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. पुण्यात त्यांनी उभारलेल्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली, तीही पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून. विज्ञानकेंद्राला एका विनोदी लेखकाच्या पैशाचा आधार मिळावा, हे महाराष्ट्रातच घडू जाणे!

याच मुक्तांगणात अरविंद गुप्तांनी अनेक वर्षं टाकाऊतून खेळणी केली. आयआयटी कानपूरचा हा अभियंता टेल्कोत नोकरीला होता. पुढे 'पद्मश्री' मिळाली ती खेळण्यांसाठी. त्यांची काडेपेटीची युक्ती घरी करून पाहण्यासारखी आहे. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घ्यायची, बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, दोन्ही टोकांतून एकेक काडी खुपसायची. काडीचं गुलाची टोक आधी खरवडून टाकायचं, हे काम मोठ्यांचं. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोट लावताच कलंडतो आणि त्याचा समभुज चौकोन होतो. एक कर्ण बसवा, तो पुन्हा ताठ. मग एसटीच्या खिडकीतून रेल्वेचा लोखंडी पूल किंवा विजेचा मनोरा दिसला, की मूल आपोआप त्रिकोण मोजू लागतं.

याउलट शाळेचा प्रकल्प. थर्माकोलचा ज्वालामुखी स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. नाही मिळाला तर रात्री बारापर्यंत बाबा फेव्हिकॉल लावत बसतात आणि चिरंजीव झोपलेले असतात. असल्या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळण्यापेक्षा मुलानं स्वतः जोडलेलं आणि न पेटलेलं बल्बचं सर्किट शतपटीनं बरं.

अधिकृत बाजूही सांगायला हवी. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांना मिळून हल्ली 'स्टेम' म्हणतात. शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत, सहावी आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे. सगळं चांगलंच आहे. पण त्यातलं काहीही घराची जागा घेऊ शकत नाही.

मुलींच्या बाबतीत घराचं वजन आणखी वाढतं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचे (माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाई त्यांच्या भगिनी) वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. १९३३ मध्ये तिथेच सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून कमलाबाईंना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत; अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. ज्या घरात बाप आणि काका प्रयोगशाळेतल्या गोष्टी बोलतात, तिथल्या मुलीला प्रयोगशाळा परक्याचं अंगण वाटत नाही. हे भाग्य एकेका घरापुरतंच का असावं?

यंदा आकाशकंदील विकत आणू नका. बांबूच्या काड्यांच्या सारख्या मापाच्या सहा चौकोनी चौकटी करा आणि कोपऱ्याला कोपरा बांधा. मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. इतके त्रिकोण असूनही सांगाडा डुगडुगतो, पण चौकोनांवर कागद ताणून चिकटवला की ताठ होतो. असं का होतं, ते मुलांना विचारा. उत्तर भाऊबीजेपर्यंत सांगू नका.