बालकांतील पडसे आणि फ्लू : रोगनिदानाचा एक प्रश्न

पडसे आणि फ्लू हे दोन्ही श्वसनमार्गाचे विषाणुजन्य विकार होत. दोहोंत नाक वाहते, घसा धरतो व खोकला येतो. त्यामुळे फ्लू म्हणजे जोराचे पडसे, असा समज रूढ झाला आहे. तो शास्त्रदृष्ट्या बरोबर नाही. पडसे उत्पन्न करणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे असून त्यांत ऱ्हायनोव्हायरसचे प्राबल्य आहे. फ्लू मात्र केवळ इन्फ्ल्यूएंझा विषाणूंमुळेच होतो.

हा भेद निव्वळ नामकरणाचा नव्हे, याचा प्रत्यय पुणे शहराला २००९ साली आला. त्या वर्षी ३ ऑगस्ट रोजी पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. एच१एन१ या नव्या फ्लू विषाणूने घडलेला तो भारतातील पहिला मृत्यू होय. त्यानंतर शहरातील शाळा बंद ठेवण्यात आल्या आणि नायडू रुग्णालयात तपासणीसाठी पालकांची रीघ लागली. १९५२ साली स्थापन झालेली, आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संशोधनसंस्था याच शहरात आहे. तरीही खोकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घशातील स्राव तपासणे शक्य नव्हते आणि आवश्यकही नव्हते. म्हणून शासनाने रुग्णांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग कल्पिले. सौम्य लक्षणांच्या ‘अ’ वर्गास चाचणीची गरज मानली गेली नाही. गंभीर लक्षणांच्या ‘क’ वर्गास मात्र तत्काळ रुग्णालयात दाखल करावयाचे होते. या वर्गीकरणाचा आधार विषाणूचे नाव नसून रुग्णाची अवस्था होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

दोन्ही विकारांतील ठळक फरक आरंभात दिसतो. पडसे एक-दोन दिवसांत हळूहळू वाढते. शिंका व नाक चोंदणे ही त्याची मुख्य लक्षणे असून मूल खेळणे सहसा सोडत नाही. फ्लूचा आरंभ बहुधा एकाएकी होतो. सकाळी शाळेत गेलेले मूल सायंकाळी तापाने फणफणते, अंग व डोके दुखते असे सांगते आणि अंथरुणास खिळते.

परंतु प्रौढांची ही कसोटी बालकांना जशीच्या तशी लागू पडत नाही. लहान मुलांना साध्या पडशातही ताप येऊ शकतो. उलट फ्लूमध्ये त्यांना उलट्या व जुलाब प्रौढांपेक्षा अधिक प्रमाणात होतात. तान्ह्या बाळाला अंगदुखी सांगता येत नाही. ताप, किरकिर आणि दूध न ओढणे एवढेच त्याच्या फ्लूचे स्वरूप असू शकते. सारांश, एकट्यादुकट्या लक्षणावरून निश्चित निदान करता येत नाही. अशा वेळी ऋतूचाही विचार करावा लागतो. पुण्यात फ्लूचा जोर मुख्यतः पावसाळ्यात असतो, तर श्रीनगरला तो हिवाळ्यात आढळतो. साथीच्या दिवसांत एकाएकी आलेला ताप व खोकला फ्लूचा असण्याचा संभव बराच वाढतो.

निदानाचा परिणाम उपचारावर होतो. ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. म्हणून गंभीर आजारी वा दमा, हृदयविकार यांसारखी व्याधी असलेल्या मुलांत चाचणीच्या निष्कर्षाची वाट पाहत बसणे युक्त नव्हे. पडशावर मात्र त्याचा उपयोग नाही. प्रतिजैविके या दोन्ही विषाणूंवर निष्प्रभ ठरतात. तापासाठी मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. फ्लूमध्ये त्यामुळे मेंदू व यकृत यांना इजा करणारा ‘राय’ विकार उद्भवण्याचा धोका असतो.

निदान अनिश्चित असले तरी धोक्याची चिन्हे निश्चित आहेत. श्वास जलद होणे (एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला चाळीस वा अधिक), श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, गुंगी, झटके, खाणेपिणे थांबणे, किंवा ताप उतरल्यावर तो पुन्हा चढून खोकला बळावणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. पडसे की फ्लू, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु मूल सौम्य आजारी आहे की गंभीर, या प्रश्नाचे उत्तर त्याआधी शोधले पाहिजे.